नन्नाची सही

विमानतळ आपलं म्हणायचं म्हणून. एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, एक कचेरी आणि कुंपणाच्या आत कामगारांसाठी बांधलेल्या चार खोल्या, एवढाच सगळा संसार. इथे मोठी विमानं येत नसत, उडायला शिकणारी माणसं येत. त्या शिकाऊ लोकांची दोन छोटी विमानं ज्याच्या हाताखालून जात, त्या मेकॅनिकला सगळे पाठीमागे ‘नन्ना’ म्हणत.

पाठीमागे म्हणजे फार पाठीमागेही नाही. तो हँगरच्या पायरीवर नट पुसत बसलेला असायचा आणि कचेरीतून आवाज यायचा, “अरे, नन्नाला विचारा रे.” तो मान वर न करता म्हणायचा, “नाही.”

“अहो, अजून विचारलं कुठे?”

“मग विचारा. पण नाही.”

नियम असा होता की विमान उडायच्या आधी वहीत मेकॅनिकची सही पाहिजे. सही नसेल तर पंख्याच्या पात्याला लाल चिठ्ठी लटकायची आणि मग मालकाच्या तीर्थरूपांनाही ते विमान हलवता यायचं नाही. एकदा मालकाने पाहुणे आणले, फोटोग्राफर आणला, सरबताचे पेले मांडले, आणि नन्नाने एका खिळीपायी चिठ्ठी लटकवली. मालकाचं एक होतं, प्रत्येक वाक्याआधी पँट वर ओढायची आणि शेवटचं अक्षर खाली सोडायचं. “अहोऽ, एवढ्याशा खिळीने काय होतंयऽऽ.”

“काही होत नाही,” नन्ना म्हणाला. “फक्त माणूस खाली येतो.”

“मग कधी होईलऽऽ?”

“झालं की.”

“म्हणजे कोणत्या दिवशीऽऽ?”

“दिवस सांगायला मी ज्योतिषी नाही. खिळी येईल, बसेल, मी इंजिन ऐकेन, मग सांगेन.”

तीस वर्षांत त्याच्याकडून कुणालाही तारीख मिळाली नव्हती. घरातला नळ गळायचा तेव्हा बायकोलाही मिळाली नव्हती.

हे दोन्ही आवाज, पँट ओढण्यासकट, जसेच्या तसे काढायची ती त्याची मुलगी. मैदानावर तिला ‘रेडिओ’ म्हणत, कारण एकदा लागली की बंद व्हायची नाही. कॅप्टनबाई म्हणजे तिची हुकमी नक्कल. बाई शिकवताना वाक्यं बोलायच्याच नाहीत, नुसते तुकडे फेकायच्या. “पाय. पाय. झोपलेत का पाय? वर बघ. वारा कुठाय? वारा विचारून येणारे का?” पोरं हसून लोळायची. पण तिचा खरा नंबर म्हणजे बाबा. ओठ न हलवता ती असं काही “नाही” म्हणायची की कचेरीतला कारकून सवयीने माघारी फिरायचा. हे बघून बाबा हसायचा, पण आवाज न करता. नुसते खांदे हलायचे.

कान तिला त्याच्याकडूनच आलेला. ती सहा वर्षांची असताना तो तिला तेलाच्या डब्यावर बसवायचा आणि इंजिन सुरू करून विचारायचा, “कोण रडतंय?” ती बोट दाखवायची. बहुतेक वेळा बोट बरोबर असायचं.

तर ही रेडिओ मंगळवारी सोळा वर्षांची होणार होती. सोळा पुरी झाल्याशिवाय विमान एकट्याने उडवता येत नाही. कॅप्टनबाईंनी मालकाकडे शब्द टाकून तिला दोन वर्षं शिकवलं होतं आणि आता त्या बोटं मोजत होत्या. कचेरीच्या भिंतीवर पहिल्यांदा एकट्याने उडालेल्यांचे फोटो होते. कुणी एकोणीस वर्षांचा, कुणी चाळिशीचा, एक तर टक्कल पडलेला. ऐन सोळाव्या वाढदिवशी उडालेलं मात्र कुणीही नव्हतं.

“मंगळवार. सकाळी सात. वारा झोपलेला असतो,” बाई म्हणाल्या. “फोटोला केस विंचरून ये.”

मालकाचा भाचाही शिकत होता. त्याला सगळे भाचेराव म्हणत. तो सोळा वर्षांचा होणार होता गुरुवारी. पोरगा वाईट नव्हता, फक्त ढगासारखा होता, कुठेही वाहायचा. दोन विमानांपैकी एकाचं इंजिन उतरवून ठेवलेलं, म्हणजे उडण्यासारखं विमान एकच.

मंगळवारी पहाट फुटताच ती उठली आणि कुंपणाच्या तारेला नाक लावून उभी राहिली. बाबा विमान बाहेर काढून तपासणी करत होता. त्याने तिला पाहिलं नाही. इंजिनात ठिणगी पाडायला दोन मॅग्नेटो असतात, एक दगा देईल तर दुसऱ्यावर विमान घरी यावं म्हणून. तपासताना एकेक बंद करून बघतात. तेव्हा आवाज जरासा खाली बसतो आणि परत उठतो. फार बसला तर विमान जमिनीवर. तिने डोळे मिटून ऐकलं. उजवा बंद केला, आवाज बसला, उठला. डावा बंद केला, तेवढाच बसला, तेवढाच उठला. जुळ्या भावांसारखे. ती घरी पळाली, आईने इस्त्री केलेला पांढरा शर्ट घातला आणि पावणेसातला हँगरसमोर आली.

पंख्याला लाल चिठ्ठी होती. बाबाच्या अक्षरात: डावा मॅग्नेटो, आवाज फार बसतो.

बाबा आत बाकावर हत्यारं लावत होता. हत्यारं आधीच लावलेली होती.

“बाबा, हे काय?”

“वाचता येतं ना.”

“मी ऐकलं ना पण. कुंपणाशी होते. दोन्ही सारखे होते.”

त्याने पाना उचलला आणि परत त्याच जागी ठेवला. “थंड इंजिनाचं वेगळं असतं.”

“तू गरम करूनच बघितलंस की.”

“आता ऐक,” तो म्हणाला. अजून त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. “दोन दिवसांची तर गोष्ट आहे.”

दुसऱ्या कुणाच्या मुलीला यात काही वाटलं नसतं. पण हिच्या कानात ते वाक्य खड्यासारखं लागलं. बाबाने दिवस सांगितले होते. भाग आला नाही, बसला नाही, इंजिन ऐकलं नाही, आणि दोन दिवस. शिवाय वाक्याचा शेवट खाली घसरला होता. ती चाल त्याची नव्हती. ती कुणाची होती हे तिला पँटच्या पट्ट्यासकट ठाऊक होतं.

ती काही बोलायच्या आत कॅप्टनबाई आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

“काल संध्याकाळी तर ठीक होतं.”

“काल होतं,” बाबा म्हणाला.

बाई तिच्याकडे वळल्या. “तू ऐकलंस? तुझा कान काय म्हणतो? म्हणत असशील तर आत्ता सुरू करून बघते. पाच मिनिटं.”

पाच मिनिटंच लागली असती. इंजिन सुरू होणार, आवाज बसणार, उठणार, आणि बाईंना सगळं कळणार. मग ती सातला उडणार, फोटो निघणार, आणि खोटी चिठ्ठी लिहिणाऱ्या मेकॅनिकचा परवाना कुणीतरी काढून घेणार. आणि ते बरोबरच असणार. बाबाने आता पहिल्यांदा वर पाहिलं. त्या नजरेत “नाही” नव्हतं. ती नजर काहीतरी मागत होती, आणि तीस वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितलेलं तिने पाहिलं नव्हतं.

“बाबाने लिहिलंय ना,” ती म्हणाली. “मग आहेच.”

बाई खांदे उडवून गेल्या. तिने शर्ट काढून घडी केली आणि वाढदिवस असूनही शाळेत गेली.

गुरुवारी चिठ्ठी निघाली. भाचेराव एकटे उडाले आणि उतरताना तीन उड्या मारल्या, चौथी विमानाने स्वतःहून टाळली. मालकाने भाषण केलं. “आपल्या मैदानाच्याऽऽ इतिहासातऽऽ,” असं सुरू झालं आणि इतिहास संपेचना. फोटो निघाला. मागच्या रांगेत बाबा टाळ्या वाजवत होता. हातात फडकं असल्यामुळे आवाज येत नव्हता.

भाचेराव धावत तिच्याकडे आले. “तुझं वाईट झालं गं. पण आमचा मामा म्हणजे ना, त्याला इंजिनातलं काय कळतं माहितीये? मला रविवारीच म्हणाला, बघ, मंगळवारी ते बंद पडणार. आणि पडलंच.”

“हो,” ती म्हणाली. “मोठा कान आहे त्यांना.”

संध्याकाळी खोलीत तिघं होती. आई भांडी विसळत होती, बाबा चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होता. तिने उभ्यानेच विचारलं.

“रविवारीच ठरलं होतं?”

दाभण थांबलं. मग चालू झालं. “घर कुंपणाच्या आत आहे,” बाबा म्हणाला. “कुंपण कुणाचं आहे?”

“तू खिळीसाठी त्यांचे पाहुणे परत पाठवलेस.”

“तेव्हा चाळिशीत होतो. आता दुसरा मेकॅनिक कचेरीत अर्ज देऊन बसलाय. पोरगा आहे, हो म्हणतो सगळ्याला.” त्याने दोरा दाताने तोडला. “कुणाला लागलं नाही. काही मोडलं नाही. चांगलं विमान दोन दिवस उभं राहिलं, एवढंच. वाईट विमान तर उडवलं नाही ना मी?”

हे खरं होतं, आणि तो ते इतक्या घाईने बोलला की त्याने ते मनाशी पुष्कळदा म्हणून बघितलं असणार.

“पुरे आता,” आई म्हणाली. “त्यांना अजून टोचू नकोस. दोन दिवस धड जेवले नाहीत.”

तिने नसलेली पँट वर ओढली. “अहोऽ, दोन दिवसांची तर गोष्ट आहेऽऽ.”

नक्कल इतकी अचूक होती की आईने दाराकडे पाहिलं. बाबाचे खांदे हलले नाहीत. तो चप्पल घालून बाहेर गेला. एकाच पायात घातली होती, दुसरी तिथेच राहिली.

तिची पाळी आली त्यानंतर आठ दिवसांनी, एका शुक्रवारी. केस विंचरायचं कुणी सांगितलं नाही. वहीवर बाबाची सही होती आणि बाबा पंखाला टेकून उभा होता.

“सगळं बघितलंय मी,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली आणि खाली वाकली.

उडणाऱ्याने विमानाभोवती एक फेरी मारायचीच असते. दहा मिनिटं लागतात. मेकॅनिकच्या मुलीला आजवर पाच लागायची, कारण तो बघून गेलेला असायचा. त्या दिवशी तिने इंजिनाचं झाकण उघडायला लावलं. बॅटरी लावून आत पाहिलं. हात पोचेल तो प्रत्येक नट बोटांनी ओढून पाहिला. चाकांच्या खिळ्या पाहिल्या, उठली, आणि परत वाकून पाहिल्या. कॅप्टनबाईंनी घड्याळ पाहिलं, मग बाबाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. अर्ध्या तासाने ती आत बसली. मॅग्नेटो तिने तीनदा तपासले.

दोन फेऱ्या बाईंबरोबर झाल्या. मग धावपट्टीच्या टोकाला बाईंनी पट्टा सोडला आणि उतरल्या. “एक फेरी. ये परत. पाय जागे ठेव.” दार लागलं.

शेजारची जागा रिकामी असली की विमान हलकं होतं. ते तिच्या अपेक्षेआधीच उचललं, जवळजवळ उडी मारून. या क्षणाचं तिने दोन वर्षं मनात नाटक बसवलं होतं. वर गेल्यावर ती मालकाचा आवाज काढणार होती, भाषण करणार होती, कुणी ऐकायला नसताना घसा फोडून हसणार होती. आता तिने तोंड उघडलं नाही. डावीकडे वळली, पुन्हा वळली. खाली चार खोल्यांची छपरं असतील, हँगर असेल, तिने पाहिलं नाही. ती ऐकत होती. कुठे काही कुरकुरतंय का, खाली बसतंय का, सगळी फेरी ती वाट बघत राहिली. इंजिन सुताच्या धाग्यासारखं सरळ चाललं होतं. तिचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. सहा मिनिटं. चाकं जमिनीला लागली ती कळलीसुद्धा नाहीत.

बाईंनी दार उघडलं, पाठीत धपाटा घातला. “पाय जागे होते.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे मोठा सत्कार होता. फोटो काढायला कारकुनाला बोलवलंय असंही म्हणाल्या.

बाबा वही घेऊन आला. उतरल्यावर काय वाटलं ते विचारून मेकॅनिकला नोंद करावी लागते. त्याने पेनचं टोपण काढलं होतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, तेलाच्या डब्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला विचारावं तसं.

“कसं वाटलं इंजिन?”

तिने कानावरचे हेडफोन काढून सीटवर ठेवले.

“तुम्ही लिहाल तसं.”

हे तिने कुणाच्याही आवाजात म्हटलं नव्हतं. ती पेन धरलेल्या बाबाला वळसा घालून कुंपणाच्या कडेने घराकडे चालू लागली. कारकून कॅमेरा घेऊन समोरून आला, तिने त्याला मानेनेच नको म्हटलं.

बऱ्याच वेळाने बाबाने वहीत लिहिलं: दोष नाही. खाली सही केली. ते खरं होतं. पण कॅप्टनबाईंनी त्याच्या हातातून वही घेतली, ती ओळ वाचली, आणि मग मागची पानं उलटत उलटत तिच्या वाढदिवसाच्या मंगळवारच्या पानावर येऊन थांबल्या.