मागच्या मोरीतलं पिंप

"मॅडम, तुमच्या यादीत आमची गल्ली खाली कशी? घरटी एक माणूस तापानं झोपलंय की."

आशा सेविका सुनंदाताई माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. डेंग्यू कुठे वाढेल हे सांगणारं गणिती मॉडेल मी सोलापुरात एका प्रकल्पासाठी चालवत होते. मॉडेल म्हणजे समीकरणं. डास किती, माणसं किती, हे भरलं की ताप कोणत्या वेगाने पसरेल याचा अंदाज येतो. त्यावरून मी धोक्याच्या गल्ल्यांची यादी लावत होते. सुनंदाताईंच्या विणकर गल्लीत डासांच्या अळ्या शून्य होत्या. तो सर्व्हे त्यांनीच केला होता.

"अळ्याच नाहीत, तर डास कुठून येणार?" मी जरा ताठ्यातच म्हणाले.

पालिकेच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांनी विचारलं, "डेटा काय म्हणतो?" डास मारायला धूर सोडणारं फॉगिंग मशीन एकच होतं. मी यादी पुढे सरकवली. मशीन दुसरीकडे गेलं.

आठ दिवसांनी त्या गल्लीतली स्वप्ना गेली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डेंग्यूच निघाला.

सुनंदाताईंबरोबर मी तिच्या घरी भेटायला गेले. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. इथे ते चार-पाच दिवसांनी येतं; घरात मरण झालं तरी भरावंच लागतं. स्वप्नाची आई, नरसम्मा, पुढची पिण्याच्या पाण्याची पिंपं रिकामी करून धूत होत्या. जुनं पाणी बादलीने मागच्या मोरीतल्या पिंपात ओतत होत्या.

"हे फेकत नाही?"

"शिळं पाणी फेकतेत का मॅडम? धुण्याला होतंय की."

मी मोबाईलचा टॉर्च मागच्या पिंपात मारला. अळ्या वळवळत होत्या.

"आमी पाण्याच्या दिवशीच येतो," सुनंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. "तवाच घरं उघडी सापडतेत. अन् फॉर्मात पिण्याच्या पिंपांचाच रकाना हाय."

म्हणजे दर वेळी नुकती धुतलेली पिंपं तपासली जात होती. फॉर्म मी बनवला होता.

मागच्या पिंपांचे आकडे भरले तेव्हा ती गल्ली यादीत पहिली आली. "आता बरोबर चालतंय," साहेब म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता कुठे शून्य दिसलं की मी आधी विचारते, मोजायला कोण गेलं, कोणत्या दिवशी आणि घरात कुठपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे. तेव्हा ते मी केलं नाही.