आदरणीयांच्या मागे अडकलेलं बटन

साहेब लोकांबद्दल मला आधीपासून फार आदर होता असं नाही, पण जो काय चिमूटभर होता तो त्या एका मीटिंगमध्ये संपला. समोसे यायच्या आधीच संपला.

मी तेव्हा जळगावला विद्यापीठात करारावर होते, व्हिडिओ विभागात. विभाग म्हणजे एक खोली, एक कॅमेरा, एक मी, आणि आमचे विभागप्रमुख सर, ज्यांना कॉम्प्युटर बंद करायचा म्हणजे स्क्रीन बंद करायची एवढंच माहीत. आमच्या वेबसाइटवर सगळ्या विषयांचे तास रेकॉर्ड करून टाकलेले असायचे. बाहेरून परीक्षा देणारी पोरं घरी बसून ते बघायची, तासाच्या शेवटी प्रश्न यायचे, उत्तरं दिली की अंतर्गत मार्क. ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तरं नाही दिली तर हॉल तिकीटच नाही, विषय संपला.

तर वरून आदेश आला की वेबसाइट अपंगांना वापरता आली पाहिजे. मी तर उड्याच मारल्या! कारण हे मला येत होतं, मी स्वतः शिकले होते, आणि पहिल्यांदाच कोणीतरी मला कामाचं काम सांगत होतं. मीटिंग लागली. त्यात आधी ‘अपंग’ म्हणायचं, ‘दिव्यांग’ म्हणायचं की ‘विशेष’ म्हणायचं यावर जी चर्चा झाली, ती चालू असताना मी पूर्ण साइटच्या चुका लिहून काढल्या असत्या. मग मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, सर, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाच्या फोनमध्ये एक वाचणारा आवाज असतो. त्याला फोटो दिसत नाही, म्हणून फोटोच्या मागे आपण एक ओळ लिहून ठेवायची, मग तो आवाज ती ओळ मोठ्यानं वाचतो.

तेवढ्यात सगळ्यांचे चेहरे उजळले. मला वाटलं, समजलं यांना! कसलं काय. त्यांना एवढंच समजलं होतं की आपलं नाव मोठ्यानं वाचलं जाणार.

झालं ना मग. साइटच्या डोक्यावर साहेबांच्या फोटोंची सरकती पट्टी होती, एक फोटो जातो, दुसरा येतो. मी साधं लिहिलं होतं, ‘कुलसचिवांचा फोटो’. ते म्हणाले, “नुसतं फोटो? फोटो तर शिपायाचाही असतो!” मग लग्नपत्रिकेत आजोबांपासून मामापर्यंत मानानं नावं लागतात तशी ओळ तयार झाली. परम आदरणीय, शिक्षणमहर्षी, अमुक परिषदेचे माजी अध्यक्ष, यांचे तेजस्वी व प्रसन्न छायाचित्र. दुसऱ्यानं बघितलं की पहिल्याला दोन बिरुदं जास्त आहेत, त्यानं तीन वाढवली. एका सरांनी तर ‘निगर्वी’ हा शब्द स्वतः टाकून घेतला. स्वतः! आणि व्हिडिओ चालू करायचं जे बटन, त्याला नावच नव्हतं. ते विचारलं तर विभागप्रमुख म्हणाले, “त्याला काय नाव द्यायचं? त्याच्यावर त्रिकोण आहे ना.”

आंधळ्या माणसाला त्रिकोण. मी खोलीत येऊन बटनाला ‘व्याख्यान सुरू करा’ नाव देऊन टाकलं. त्याला मंजुरी लागली नाही, कारण त्यात कोणाचा मान नव्हता.

मग तिचा फोन आला. धुळ्याची पोरगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, दोन्ही डोळ्यांनी जन्मापासून दिसत नाही. तिच्या वडिलांचा मिरची कांडायचा डंक आहे, त्यामुळे तिच्या प्रत्येक फोनमध्ये मागे धडधड धडधड. मी पण मूळची धुळ्याचीच, तिनं माझा हेल दोन वाक्यांत पकडला आणि सरळ अहिराणीवर आली.

“अक्का, तुमनी साइटवर एक बुवा शे, तो माले पुढे जाऊच देत नही.”

मी म्हटलं, कोणता बुवा?

“परम आदरणीय.”

मी तिला फोनवर ठेवून माझ्या फोनमध्ये तो वाचणारा आवाज चालू केला, डोळे मिटले आणि साइट उघडली. ‘परम आदरणीय, शिक्षणमहर्षी...’ बोटानं पुढे सरकवलं. दुसरा फोटो. पुढे सरकवलं, मेनू आला, अजून सरकवलं, तेवढ्यात वरती पट्टीतला फोटो बदलला आणि आवाज उडी मारून परत पहिल्या फोटोवर! ‘परम आदरणीय, शिक्षणमहर्षी...’ परत खाली गेले, परत फोटो बदलला, परत वर. बटन खाली, शेवटी. तिथपर्यंत पोहोचायच्या आत पट्टी सरकणारच. म्हणजे डोळे असलेल्याला काहीच त्रास नाही, आणि जिच्यासाठी हा सगळा तमाशा केला तिला बटन सापडणं अशक्य.

“तारीख शनिवारनी शे,” ती म्हणाली. “उत्तरं नही गयात ते वरीस गयं मनं.”

मी लगेच पट्टी थांबवली. एकदम सोपं काम. दुपारी विभागप्रमुख धावत खोलीत. “पट्टी का थांबली? आणि कोणावर थांबली बघितलं का?” बघितलं नव्हतं. अधिष्ठात्यांवर थांबली होती. त्यामुळे कुलसचिव नाराज, कुलसचिव नाराज म्हणून सगळे नाराज. मी सांगितलं, सर, एका मुलीचं वर्ष जाईल. तर म्हणे, “शेजारच्या पोराकडून लावून घ्यायचं ना तिनं. एवढं काय.”

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “मंग पेपर बी त्यालेच देऊ द्या. पदवी बी त्यालेच द्या. मी मिरच्या कांडस.”

पट्टी परत चालू करावी लागली. आणि जखमेवर मीठ म्हणजे, शनिवारीच साइटचा लोकार्पण सोहळा ठरला. दिव्यांगस्नेही संकेतस्थळ! फ्लेक्स लागला, त्याच्यावर परत तेच फोटो. आता स्टेजवर एक दिव्यांग पाहिजे ना सत्काराला. विभागप्रमुख मला म्हणाले, “ती तुझी धुळ्याची आहे ना, तिला बोलव.” मला इतका राग आला होता की मी बोलावलीच.

ती सकाळच्या बसनं वडिलांना घेऊन आली. स्वागताला उभ्या असलेल्या एकानंही तिच्याशी बोलावं? सगळे तिच्या वडिलांना विचारताहेत. “हिनं चहा घेतला का? हिला स्टेजवर चढता येईल का? हिला ऐकू येतं ना?” तिसऱ्या वेळेला तीच म्हणाली, “मला ऐकू येतं. नानांनाच जरा कमी येतं, डंकामुळे. तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय.”

मी खाली टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते, साइट मागच्या पडद्यावर दाखवायला. नारळ झाला, दीप झाला, आणि मग सूत्रसंचालकानं तिला माईकजवळ आणून सांगितलं, ही आता वेबसाइट वापरून दाखवेल. आम्ही आधी काही ठरवलं नव्हतं, खरंच. तिनं फक्त फोन काढला आणि माईकला लावला.

‘परम आदरणीय, शिक्षणमहर्षी, माजी अध्यक्ष, यांचे तेजस्वी व प्रसन्न छायाचित्र.’

हॉलभर घुमलं. आणि ज्यांचा फोटो होता त्यांनी काय करावं? फोनला नमस्कार केला. उठून, दोन्ही हात जोडून! टाळ्या पडल्या. ती शांतपणे बोट सरकवत होती. दुसऱ्यांचं नाव यायला लागलं, ते खुर्चीत सरसावून बसले, शाल नीट केली, ‘आदरणीय, निगर्वी’ एवढं झालं आणि पट्टी सरकली. ‘परम आदरणीय, शिक्षणमहर्षी...’ पहिल्यांनी परत नमस्कार. थोड्या कमी टाळ्या. परत सरकवलं, परत निगर्वी अर्धवट, परत परम आदरणीय. चौथ्या वेळेला त्यांनी नमस्कार करणं सोडलं, पण हसू काही जाईना. बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. तिकडे एक मुलगी सगळ्यांसमोर दाखवत होती की तुमची साइट मला आत येऊ देत नाही, आणि स्टेजवर चर्चा काय?

“यांचंच का येऊन राहिलं सारखं?”

“कोणी टाकलंय हे? मुद्दाम केलंय का?”

शेवटी निगर्वी सर ताडकन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून ओरडले, “ए ताई, बंद कर ती पट्टी! बंद कर आधी!”

भर सभेतला आदेश. मी थांबवण्याच्या भानगडीतच पडले नाही, अख्खी पट्टीच काढून टाकली. पडद्यावर एकदम तासांची यादी आली, स्वच्छ. तिच्या बोटानं दोनदा सरकवलं आणि माईकमधून आलं, ‘व्याख्यान सुरू करा, बटन.’

तिनं लगेच माईकपासून फोन बाजूला घेतला, कानात इअरफोन घातला आणि स्टेजच्या कडेच्या खुर्चीवर जाऊन बसली. प्रात्यक्षिक संपलं असं समजून सूत्रसंचालकानं भाषणं पुकारली. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला विनवलं की भाषणं लांबू दे. देवाला जास्त कष्ट पडले नाहीत. पहिले साहेब दिव्यांगांच्या जिद्दीवर बोलले, दुसरे त्यांच्याहून जास्त वेळ बोलले कारण पहिले एवढा वेळ बोलले होते, आणि ती त्यांच्या पाठीमागे बसून तास ऐकत होती, बोटं चालू, उत्तरं देत होती. मध्येच कोणीतरी येऊन तिच्या अंगावर शाल टाकली. तिनं एका हातानं ती सावरली, दुसरा हात फोनवरून हलला नाही.

आभार चालू झाले तेव्हा तिनं इअरफोन काढला आणि माझ्या दिशेनं, बरोबर नाही, जरा डावीकडे, मोठ्यानं ओरडली, “अक्का! गयात बठ्ठी!”

सगळी उत्तरं गेली होती. आभारवाले थबकले, नानांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पट्टी त्यानंतर लागली नाही. लावा म्हणायचं तर कोणाचा फोटो पहिला हे ठरवावं लागतं, आणि ते अजून ठरलेलं नाही.

तिचं हॉल तिकीट आलं त्या दिवशी तिनं फोन केला, मागे डंक चालूच. मी उत्साहात विचारलं, मग आता बाकीचे तास पण ऐकतेस ना? कसे वाटतात?

“काय सांगू अक्का,” ती म्हणाली. “सर पुस्तकच वाची दाखाडतस. ब्रेलमधलं पुस्तक ते मनाकडे शे.”