एका पेल्याची तपासणी

१९८९ साली मेहकरात घरी कॉम्प्युटर असलेला माणूस एकच, शालिग्राम. नागपुरात प्रोग्रॅम लिहायला शिकून तो गावी परतला होता. चहा तोंडाला लावत नसे. नागपूरहून कॉफीची पूड मागवायची आणि बिनदुधाची, बिनसाखरेची करून स्टीलच्या पेल्यात प्यायची. प्रोग्रॅम आधी पेन्सिलीने चौकटीच्या वहीत लिहायचा, मग मशीनवर चढवायचा आणि पेला हातात घेऊन तपासायचा. पेला संपला की तपासणी संपली.

"काळं पाणी काऊन पेतं रे? पोटात आग पडन," आई कौशल्याबाई म्हणायची. तो हसायचा.

त्या मार्चमध्ये एका संस्थेने नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा निकाल त्याच्याकडून करून घेतला. यादी फळ्यावर लागली, कौतुक झालं. ऑगस्टात जुने अर्ज चाळताना त्याला एकाच नावाचे दोन अर्ज सापडले. सुमित्रा सांगळे, दुसरबीड, गुण एकाहत्तर. सुमित्रा सांगळे, लोणार, गुण अडतीस. प्रोग्रॅम नावावरून गुण शोधत होता, नंबरावरून नाही. त्याने दोघींनाही अडतीसच दिले होते.

संस्थेचे प्रमुख म्हणाले, "जागा भरल्या. आता बोलून काय फायदा?"

दुसऱ्या दिवशी शालिग्राम एसटीने दुसरबीडला गेला. मुलीचे वडील उकंडराव ओट्यावर बसले होते. त्याने चूक कबूल केली, गुणांचा कागद पुढे केला. उकंडरावांनी कागद हातात घेतला.

"पोरगी म्हणे, बाबा, माहा पेपर चांगला गेला. मले वाटलं, खोटं बोलते. हात उचलला तिच्यावर. वैशाखात लगीन लावून देलं."

उकंडरावांनी कागद परत शालिग्रामच्या हातात दिला.

"मले काय सांगता? चला, तिलेच सांगा."

दोघे तिच्या सासरी, जालन्याकडच्या गावी गेले. सुमित्राने कागद दोनदा वाचला. रडली नाही. बापाकडे तिने पाहिलंही नाही.

"पुढच्या साली फॉर्म भरता येतो का?"

"येतो. मीच आणून देतो."

दारात सासू उभी होती.

जानेवारीत त्याने फॉर्म स्वतः नेऊन दिला. सासूने तो घेतला. सुमित्रा शेतात गेली होती.

त्या वर्षीच्या परीक्षेचं कामही संस्थेने त्यालाच दिलं होतं. आता तो पेला दूर ठेवून, पट्टी लावून एकेक ओळ तपासू लागला होता. मुदतीच्या दिवशी त्याने अर्जांचा गठ्ठा दोनदा पाहिला. सुमित्राचा अर्ज नव्हता. टपालाला उशीर झाला असेल म्हणून तो आणखी तीन दिवस थांबला. मग त्याने नावं चढवायला घेतली.