कुंदाताईंचा न कापलेला कंदील

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. फोन शेजारच्या राणेवहिनींचा होता. त्या रडत होत्या, मधेच थांबत होत्या... आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मग आत्ता सासूबाईंपाशी कोण आहे? हे लिहायला लाज वाटते. पण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसायचं आणि स्वतःला झाकून घ्यायचं, हे ताईंना पटलं नसतं. त्या माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या संसारात राहिल्या, आणि तिरकस बोलण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. बासष्टाव्या वर्षी, दुपारी आईला पेज भरवून झाल्यावर, भांडं घासता घासता त्या ओट्यापाशी कोसळल्या.

परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं, तेव्हा नातेवाईक म्हणाले, नशीब काढलंत. चाळीत सासूबाई गॅलरीत बसायच्या, येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा, अख्ख्या मजल्याचं त्यांच्यावर लक्ष असायचं. इथे दार लावलं की संपलं. वर्षभरात त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. तेव्हापासून घराचा एकच नियम झाला, आम्हा दोघींपैकी एक घरात हवीच. मी शाळेत जायचे ती ताईंच्या भरवशावर. मी परतले की ताई खाली उतरायच्या आणि दूध, कोथिंबीर घेऊन अर्ध्या तासात वर. लिफ्ट बंद असली तर तेवढंही नाही. माझे यजमान या नियमात कसे आले नाहीत, हे आम्ही दोघींनी कधी विचारलं नाही. ते कामावरून दमून येतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

ताईंचा सगळा जीव शिवणात. तरुणपणी त्या लोअर परळच्या एका गारमेंट कारखान्यात नमुने शिवायच्या. तिथे परदेशात पाठवायच्या नाताळच्या गोधड्या व्हायच्या, हिरवी झाडं, लाल घंटा, चांदण्या. ताई तिथून एक कसब घेऊन आल्या. आपण ठिगळ वरून लावतो, हे त्याच्या उलट. दोन कापडं एकावर एक ठेवून कडेने कच्चे टाके घालायचे, वरच्या कापडावर खडूने आकार काढायचा, मग फक्त वरचंच कापड रेघेच्या आतून कापायचं. कोपऱ्यात बारीक चीर द्यायची, कड सुईच्या टोकाने आत ढकलायची आणि दिसणार नाहीत अशा टाक्यांनी शिवून टाकायची. आत दडलेला रंग त्या आकारात बाहेर येतो. "चांदणी तीच," ताई म्हणायच्या, "खाली चार शेपट्या काढल्या की झाला आपला दिवाळीचा कंदील."

दर दिवाळीला एक चौकोन, असे जोडत जोडत त्या घरासाठी वाकळ करत होत्या. खालचं कापड नेहमी घरातल्याच कुणाचं तरी, वापरून विटलेलं. कुणाचं ते मात्र गुपित. चारही बाजूंनी कच्चे टाके घालून चौकोन तयार असायचा, आणि पहिल्या आंघोळीनंतर, फराळाच्या आधी, सगळ्यांसमोर ताई कात्री चालवायच्या. सासऱ्यांचा खाकी सदरा, सासूबाईंचं लुगडं, माझ्या लेकीचा शाळेचा फ्रॉक. जो आधी ओळखेल त्याला पहिली करंजी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी हौसेने कात्री मागून घेतली आणि दोन्ही कापडं एकदम कापली. सासूबाईंचा चेहरा पडला. ताईंनी चौकोन उचलून त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. या नीलमने थेट आमच्या घरालाच आरपार भोक पाडलंन." सगळे हसले. मग त्यांनी शांतपणे खाली आणखी एक कापड घातलं. ते माझ्याच माहेरच्या ओढणीचं होतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. ताई खाली गेल्या होत्या, म्हणून मी उचलला. कारखान्यातली त्यांची जुनी मैत्रीण शैला बोलत होती. ती सावंतवाडीजवळच्या आपल्या गावी परतली होती, बायकांसाठी शिवणवर्ग काढत होती, आणि शिकवायला तिला कुंदाच हवी होती. राहायला खोली, समोर अंगण. "तिला सांगा, जानेवारीपासून सुरू करतोय. तशी ती हो म्हणालीय, पण पक्कं कळवते म्हणाली." मी खिडकीच्या ग्रिलला धरून उभी होते. ताई गेल्या तर माझी नोकरी गेली, हे मला हिशेब न करताच कळलं. मी म्हणाले, "अहो, त्यांना नाही जमायचं. तब्येत बरी नसते हल्ली त्यांची. दम लागतो." शैलाताई बरं म्हणाल्या. ताई कोथिंबीर घेऊन वर आल्या तेव्हा मी त्यांना काहीच सांगितलं नाही. त्याही पुढे कधी काही बोलल्या नाहीत. जानेवारी आला, गेला. मी मनाची समजूत घातली की त्यांचं त्यांनीच रद्द केलं असेल.

दहावं-बारावं उरकल्यावर शैलाताई भेटायला आल्या. सासूबाईंशी मालवणीत दोन शब्द बोलल्या, चहा घेतला, ताईंच्या मशीनवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तिला दुसऱ्याच दिवशी परत फोन केला होता. म्हटलं, काय गो, दम लागतो म्हणे तुला? वहिनी सांगत होती."

"मग?" मी विचारलं.

"म्हणाली, नीलम म्हणते तर लागत असेल." शैलाताईंनी कप खाली ठेवला. "साडी पण घेतली होती आम्ही दिवाळीआधी दादरला. पहिल्या दिवशी वर्गात नेसायला. हिरवी, नारळी काठाची."

मला वाटायचं मी एक फोन लपवला. प्रत्यक्षात ताई नऊ महिने माझं खोटं सांभाळत माझ्याच ताटाला ताट लावून जेवत होत्या.

यंदा आमच्याकडे सण नाही. पण सासूबाईंच्या आता फारसं काही लक्षात राहत नाही. ताईंच्या पिशवीत या दिवाळीचा चौकोन टाके घालून तयार होता, तो सासूबाईंच्या उशाशी होता. "कापलंस काय गो?" त्या रोज विचारायच्या. परवा रविवारी दुपारी मी कात्री घेतली. या वेळी फक्त वरचंच कापड कापलं. आत हिरवा रंग दिसला. आमच्या वाकळीत खाली नेहमी धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड असतं. याची खळसुद्धा मोडली नव्हती. एका बाजूला काठाचे नारळ होते.

म्हणजे या दिवाळीला, सगळ्यांसमोर, ताई मला विचारणार होत्या, ओळख बघू कोणाचं? आणि मी ओळखू शकले नसते. मी हसत हसत चुकीचं नाव घेतलं असतं आणि त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं. तेवढं पाहून घेण्याचा त्यांचा हक्क होता. तोही त्यांना मिळाला नाही.

शाळेत मी बिनपगारी रजा टाकली आहे. मुख्याध्यापिका बाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा पुढच्या महिन्याचं सांगितलं. चौकोन मांडीवर घेऊन मी बसले होते तेव्हा बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजला. शाळेतल्या मैत्रिणी दोन दिवस अलिबागला निघाल्यात, त्यांचा असणार. टीव्हीचा आवाज कमी झाला आणि यजमान बोलताना ऐकू आले. "छे हो, तिला कुठलं जमतंय. गुडघे फार दुखतात हल्ली तिचे."

माझे गुडघे आजवर एकदाही दुखलेले नाहीत. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुईत दोरा ओवला आणि कड आत दुमडायला घेतली.