चार बोटं मागं

ही गेल्यावर दीड महिन्यानं मी दुकानाचं शटर वर केलं. तळवलीत, ठाणे-बेलापूर रोडच्या आतल्या अंगाला, गाड्यांच्या सीटा बनवायचं आमचं दुकान. पत्रा, स्प्रिंग, वेल्डिंग माझ्याकडं. कापणं-शिवणं हिच्याकडं. पोरगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "अप्पा, आता बंद करा. शिवणार कोण?" मी म्हणालो, एक काम घेतलंय, तेवढं एकट्याला जमतं का बघतो. नाही जमलं तर चावी तुझ्या हातात. त्यात जिद्द वगैरे काही नव्हती. घरात बसून भिंत बघायची ती दुकानात बसून बघायची, एवढाच फरक.

काम नेरूळच्या एका रिटायर साहेबांचं. वडिलांच्या वेळची गाडी, गोल बोनेटची, पुढं एकच अखंड बाकडं. त्यांच्या बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्या बाकड्यावर एवढं खाली बसणं जमेना. मुलाची नवी गाडी होती, पण बाईचा हट्ट, नवरी होऊन ह्या गाडीतून आले, बसेन तर हिच्यातच. म्हणून चार महिने बाई घरात. साहेबांनी भंगारात गेलेल्या एका गाडीच्या दोन मोटरवाल्या सीटा आणल्या. बटण दाबलं की वर-खाली, पुढं-मागं. सीटांना त्यांचं कातडं होतं, शिवायचं काही नव्हतं. म्हणूनच तर मी हो म्हणालो.

बाकडं काढलं. खालचा पत्रा गंजून पापड झालेला, तो कापून नवा लावला. मोटरची सीट टीचभर उंच. तशीच बसवली तर डोकं छताला लागणार. म्हणून खालचा पाया बुटका केला, अँगल कापून. बॅटरीवरनं जाडी वायर वेगळी आणली, मध्ये फ्यूज टाकला. हे सगळं हात करत होते. मी बाजूला उभा असल्यासारखा होतो.

राहिली खूण. पायाची भोकं कुठं पाडायची, ती खूण. आमची एक रीत होती. गिऱ्हाइकाला आम्ही बसवत नसू, कपडे खराब होतात. ही बसायची. पाय लांब करायची, "बास" म्हणायची, मी खडूनं रेघ मारायचो. ही चार फूट दहा. म्हणून रेघ मारली की लगेच म्हणायची, "आता तुमच्या गिऱ्हाइकाची चार बोटं सोडा." मग मी चार बोटं मागं सरकून भोक पाडायचो. इतक्या वर्षांत ती चार बोटं मी माझ्या मनानं कधी सोडलीच नव्हती. ती म्हणायची, मी सोडायचो.

ह्या वेळी मी नेहमीच्या अंदाजानं रेघ मारली, रेघेवर भोकं पाडली, बोल्ट आवळले.

रविवारी सकाळी साहेब बाईंना घेऊन आले. बाई उंच, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या, आवाज तसाच. काठी साहेबांच्या हातात देऊन गाडीत बसल्या. दोन्ही गुडघे डॅशबोर्डला आपटले.

"अगं आई गं! मिस्त्री, ही सीट कुणाच्या मापाची?"

"बटण दाबा बाई. मागं जाईल."

बटण दाबलं. मोटर घुरघुरली, सीट जरा मागं सरकून टोकाला अडकली. गुडघे तरी टेकलेलेच.

साहेब म्हणाले, "चालेल गं. थोडं तिरकं बसायचं."

"तिरकी बसायला मी काय स्कूटरवर बसलेय?"

मी खाली वाकून बघितलं. रेघ अर्धी पुसली होती, पण दिसत होती, आणि बोल्ट रेघेवरच होते. बोटं लावून बघायची गरज नव्हती. तरी रेघेच्या मागं लावली. चार.

पोराला फोन करावा, चावी घेऊन जा म्हणावं, असं डोक्यात येऊन गेलं. वाईट वाटलं असंही नाही. पाना हातात होता, बोल्ट समोर होते. खोलायला लागलो.

सीट सुटी केली, मागं ढकलली. म्हणालो, "बाई, तुमी बसा. मी खूण करतो."

"आधी नाही का बसवायचं? इतके दिवस कुणाला बसवत होता?"

"आमच्या मंडळींना."

ही गेल्याचं साहेबांना माहीत होतं. त्यांनी बाईंकडं बघितलं. बाई सीटजवळ आल्या. बसल्या, उठल्या, मी सीट सरकवली, परत बसल्या. तिसऱ्यांदा बसताना म्हणाल्या, "एवढ्या उठाबशा माझी व्यायामवाली बघेल तर पेढे वाटेल." मग पाय लांब केले आणि म्हणाल्या, "बास."

माझा खडू जरा थांबला. मग रेघ मारली. बोटं सोडली नाहीत. बसणारीच गिऱ्हाईक होती, सोडायची कशाला.

दुपारपर्यंत नवी भोकं पाडून बोल्ट आवळले. साहेबांना सांगितलं, इंजिन चालू असल्याशिवाय बटण दाबू नका, बॅटरी बसेल. दोघं पामबीच रोडला एक चक्कर मारून आले. बाईंनी काच खाली करून हात दाखवला, उतरल्या नाहीत. तशाच घरी गेल्या. त्या गाडीच्या तळाला आता चार भोकं जास्तीची आहेत. रबराची बुचं मारलीत, वर चटई आहे. कुणाला दिसायची नाहीत.

संध्याकाळी पोराला फोन केला.

"जमलं का, अप्पा?"

"जमलं. दुसऱ्या खेपेला."

"मग चावी?"

"राहू दे माझ्याकडं."

"बरं वाटतंय ना?"

"तसं काही वाटत नाही."

मग म्हणाला, "आणि मापाला कुणाला बसवणार?"

"गिऱ्हाइकालाच. घरात धुतलेल्या चादरी पडून आहेत. एक दुकानात नेऊन ठेवतो, सीटवर टाकायला."