मैनाबाईंचं ऊन

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात साडीला फॉल लावायचा तर मैनाबाईंकडूनच, असं तीस वर्षं चालत आलं होतं. मशीनवर फॉल लावणाऱ्यांना त्या खिजगणतीतही धरत नसत. "मशीन साडीले चावते," म्हणायच्या. त्यांचा टाका साडीच्या वरून शोधूनही सापडायचा नाही. असा हा हात डिसेंबरातल्या एका सकाळी सुईत दोरा ओवता ओवता लुळा पडला.

लकवा. आठ दिवस दवाखान्यात काढून त्या घरी आल्या. पाय वाचले होते, धरून धरून चालता येई. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की मांडीवरच, आणि जीभ इतकी जड की एका वेळी एकच शब्द निघे, तोही निघाला तर. डॉक्टर म्हणाले, हात चालवत राहा, येईल. कधी येईल ते काही बोलले नाहीत. मग मैनाबाईंनी स्वतःच मुदत घातली: होळी. होळीपर्यंत सुई धरता आली नाही, तर सुयांचा डबा शेजारच्या नूतनला देऊन टाकायचा आणि फॉलचं नाव काढायचं नाही.

घरात मुलगा अश्विन, पण तो तिरोडीच्या खाणीवर, फक्त रविवारी येणारा. राहिली सून दीपिका. ही मलाजखंडच्या खाण कंपनीच्या कॉलनीत हिंदीत वाढलेली. लग्नाला दहा महिने झाले तरी दोघींचं बोलणं 'चाय बना दूँ?' आणि 'हौ' याच्या पुढे सरकलं नव्हतं. भांडण म्हणाल तर अजिबात नाही. भांडायलाही एक भाषा लागते.

मैनाबाईंची खाट मागच्या खोलीत होती. जानेवारीत त्या खोलीच्या भिंतीसुद्धा कुडकुडतात. एका सकाळी सगळी ताकद जिभेवर आणून त्या म्हणाल्या, "ऊन."

दीपिकाचा चेहरा खुलला. सासूनं आजारपणात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. तिनं पायात चप्पल अडकवली, बाजार गाठला आणि तासाभरात लाल लोकरीची लच्छी घेऊन आली. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. तिचं तरी काय चुकलं?

मैनाबाईंनी मान हलवली. "ऊन!" दीपिकाला वाटलं, रंग आवडला नाही. दुसऱ्या दिवशी हिरवी आली. मैनाबाईंनी डाव्या हातानं खिडकीकडे बोट दाखवलं, तर गार वारा लागतोय असं समजून पोरीनं खिडकीच लावून घेतली. तिसऱ्या दिवशी पिवळी. "अब तो ठीक है ना, आईजी?" मैनाबाई रडल्या. रागानं रडल्या, पण राग आहे हे सांगायलाही जीभ नव्हती.

दीपिका बिचारी लच्छी सोडवायला बसली आणि तिचा गुंता झाला. "यहाँ तो कुछ दिखता ही नहीं," असं पुटपुटत तिनं सासूला उठवलं, एकेक पायरी चढवत गच्चीवर नेलं, खुर्चीत बसवलं, दोन्ही मनगटांत लच्छी अडकवली आणि समोर बसून गोळा गुंडाळायला लागली.

पाठीवर ऊन पडलं. मैनाबाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात त्या पोरीला सगळं माफ करून टाकलं.

मग रोज सकाळी गच्ची. सुरुवातीला वैनगंगेकडून आलेलं धुकं नऊ वाजेपर्यंत चौकातून हलत नसे. समोरचे सुखराम चहावाले माकडटोपीत असे बसत की नुसते डोळे दिसावेत. मग त्यांचा एक कान बाहेर आला, मग दुसरा, मग टोपी खिशात गेली आणि गळ्यात गमछा आला. शेजारच्या दोऱ्यांवरच्या रजया गेल्या, स्वेटर गेले, सुती साड्या फडफडू लागल्या. शिवरात्रीला बोरांच्या टोपल्या आल्या. सरकारी क्वार्टरातला आंबा मोहरला, तशा मधमाश्या गच्चीपर्यंत येऊ लागल्या. एक दिवस खुर्ची टाकीच्या सावलीत ओढावी लागली, आणि सुखरामच्या बाजूला उसाच्या रसाचं यंत्र खुळखुळायला लागलं. तीस वर्षं मान खाली घालून टाके घालणाऱ्या बाईंनी आपल्याच शहराचा हिवाळा उतरताना प्रथमच पाहिला.

दीपिका गुंडाळता गुंडाळता बोलत असे. सासूला मध्ये तोंड घालता येत नाही, असं भाग्य किती सुनांना लाभतं! खदानीतला सुरुंग उडाला की माहेरची भांडी कशी वाजायची, ते तिनं सांगितलं. मेथीची भाजी आपल्याला मुळीच आवडत नाही आणि लग्न झाल्यापासून आपण ती मुकाट्यानं खातोय, हेही सांगून टाकलं. मैनाबाई पोटातून हसल्या.

हात आधी नुसती खुंटी होता. मग एक बोट वाकलं. मग बाकीचीही वाकली आणि त्याच बोटांनी लोकर गुंडाळायला सुरुवात केली. तिन्ही गोळे झाले की मैनाबाई एखादा मुद्दाम जिन्यावरून सोडून देत, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंडाळायला काम. जीभही मोकळी होत गेली. आता दोन शब्द, आता चार, मग अख्खं वाक्य.

होळीच्या आदल्या रविवारी अश्विन घरी होता. मैनाबाईंनी सुयांचा डबा मागितला. गच्चीवर पाच वेळा दोरा चुकला. नूतनचं नाव मनात येऊन गेलं. सहाव्या वेळी दोरा सुईतून गेला. दीपिकाच्या पिवळ्या साडीला त्यांनी वीतभर फॉल लावला. टाके वाकडे, वरून ढळढळीत दिसणारे. एरवी असं काम त्यांनी उसवून फेकलं असतं.

"ये सब ऊन का कमाल है," दीपिकानं नवऱ्याला लच्छ्यांची सगळी कहाणी ऐकवली. अश्विन हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "अरी पगली! माय धूप माँग रही थी!"

दीपिकाचा चेहरा उतरला. "तीन बार बाज़ार गई मैं! आईजी, आपने बताया क्यों नहीं? अब तो बोल लेती हैं!"

मैनाबाईंनी सुई साडीत खोचून ठेवली. "काहून सांगू? सांगितलं असतं, तं मले उन्हात बसवून तू कामाले खाली निंघून गेली असती. तुह्या लोकरीपायी तू माह्यापाशी बसली, पोरी. दोन महिने बसली."

अश्विन हे बायकोला हिंदीत सांगायला लागला. दीपिकानं त्याला हातानं थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते.

"हौ," ती म्हणाली, "समजलं मले."

"मंग ही साडी पाडव्याले नेसजो," मैनाबाई म्हणाल्या, आणि सुई काढून पुढचा टाका घालू लागल्या.