गार जॉबचं माप

सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो, जॉब म्हणजे मशीनवर घडवलेले भाग मोजायचो. कुणी एकदम बरोबर माप दाखवलं की मला आधी शंकाच यायची. निवृत्तीनंतर हिमालयातल्या ट्रेकला निघालो, तेव्हा सोबत आमच्याच शॉपमधला लेथ ऑपरेटर होता. दोघांनी तीन महिने पाठीवर सॅक घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढून दम कमावला होता. बर्फातला सगळ्यात वरचा कॅम्प गाठायचा, एवढंच डोक्यात.

तिथे रोज संध्याकाळी लीडर रक्तातला ऑक्सिजन बघायला बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, डोकं दुखतंय का विचारायचा आणि वहीत लिहायचा. ज्याचं बिनसलं, त्याची रवानगी खाली.

आमचा हा गडी कॅम्पवर पोचला की अर्धा तास तंबूत गप्प बसायचा, हात काखेत दाबून. मग सगळ्यांच्या शेवटी बोट पुढे करायचा, आणि आकडा रोज झकास. असले झकास आकडे मी जन्मभर पाहिले होते. चांगला पीस वर ठेवायचा, बाकीचे पेटीच्या तळाशी. हा काहीतरी लपवतोय, याबद्दल माझी खात्रीच पटली. त्याच्या ताटावर, झोपेवर, चालीवर मी पाळत ठेवली. चढावर तो थांबला की मीही थांबायचो. खरं तर मला थांबायला हवंच असायचं, कारण दोन दिवस डोकं ठणकत होतं. पण ते उन्हाने, असं मी ठरवून टाकलं होतं. लीडरला 'ठीक' सांगायचो.

तिसऱ्या कॅम्पवर दगडगोट्यांचा खडा चढ चढून पोचलो आणि मी लीडरला बाजूला घेऊन माझा संशय सांगितला. त्याने लगेच याचं बोट धरलं. आकडा थोडा कमी, पण उत्तम. हा माझ्याकडे वळला.

"गरम जॉबचं माप घ्यायचं नाय, फुगलेलं येतं, हे तुम्हीच शिकवलं ना साहेब? चालून आल्या आल्या, गारठलेलं बोट खरं कसं सांगंल?"

मग लीडरने मलाच, उंचीचा त्रास आहे का बघायला, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला मी कोलमडलो. दोरीत पाय अडकला म्हणालो. तिथे दोरी नव्हती.

लगेच मला खाली पाठवलं. सोबत वाटाड्या होता, तरी हाही वरचा कॅम्प सोडून माझ्याबरोबर उतरला. कारखान्यात जाऊन माझी फजिती सांगायला मिळावी म्हणून येतोय, असं तेव्हाही मनात आलंच. खालच्या कॅम्पवर डोकं हलकं झालं, तेव्हा मी विचारलं, "तुला काहीच कळलं नव्हतं?"

"तुम्ही ताटात जेवण टाकून उठत होता तेव्हा शंका आली होती," तो माझे बूट काढत म्हणाला. "दोनदा विचारलं तुम्हाला. तुम्ही ठीक म्हणालात."

"मग?"

"मग काय, साहेब. मी मानलं."

मला त्याच्याकडे बघवेना.